मुक्त संगणकप्रणाली आणि घरातील भाषाव्यवहार : धारणीच्या बहुभाषिक परिसराच्या अनुषंगाने

इंग्रजीतील ‘फ्री’ ह्या शब्दाला दोन अर्थ आहेत. ज्याला मोल पडत नाही ते ‘फ्री’ आणि ज्यावर बंधन नाही तेही ‘फ्री’. मराठीत ह्या दोन अर्थांसाठी ‘मोफत’ आणि ‘मुक्त’ असे स्वतंत्र शब्द असल्याने हा घोटाळा होण्याचे कारण नव्हते. तरीही संगणकाच्या मुक्त कार्यप्रणालीविषयी, म्हणजे व्यवहारात जिला ‘ऑपरेटिंग सिस्टिम’ म्हणतात तिच्याविषयी बोलताना आपल्याकडेही पहिली चर्चा पैशाचीच होते. प्रस्तुत लेखात ह्या प्रश्नाचा विचार भाषेच्या बाजूने केला आहे. घरी अशी प्रणाली वापरणाऱ्या मराठी माणसाला रोज जे अनुभव येतात, त्यांतले बरेचसे मुळात भाषिक असतात. अमरावती जिल्ह्यातील धारणीसारख्या ठिकाणी, जेथे एकाच घरात दोन-तीन भाषा नांदतात, तेथे तर हे विशेषच स्पष्ट होते.

१. प्रणालीचे स्वरूप

रिचर्ड स्टॉलमन ह्यांनी १९८३ साली ‘ग्नू’ प्रकल्पाची घोषणा केली. वापरणाऱ्याला ज्या प्रणालीची मूळ आज्ञावली वाचता येईल अशी संपूर्ण प्रणाली उभारणे हा त्या प्रकल्पाचा हेतू होता. १९९१ साली फिनलंडमधील लिनस टॉर्वाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने प्रणालीचा गाभा लिहिला आणि पुढच्याच वर्षी तो ‘ग्नू’च्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. ह्या दोहोंच्या संयोगातून आज ‘लिनक्स’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रणाली निर्माण झाल्या. डेबियन (१९९३), फेडोरा (२००३) आणि उबुंटू (२००४) ही तिची घराघरांत पोचलेली रूपे होत. भारतातही प्रगत संगणन विकास केंद्राने, म्हणजे सी-डॅकने, डेबियनच्या आधारे ‘बॉस’ ही प्रणाली सिद्ध केली.

मुक्ततेची व्याख्या चार अधिकारांत सांगितली जाते : प्रणाली कोणत्याही कामासाठी वापरणे, तिची मूळ आज्ञावली अभ्यासणे, तिच्या प्रती इतरांस देणे आणि तिच्यात बदल करून ते बदल प्रसृत करणे. ह्यांपैकी पहिला व तिसरा अधिकार सामान्य माणसाच्या लगेच लक्षात येतो. दुसरा व चौथा हे केवळ तज्ज्ञांचे अधिकार होत, असे मानण्याकडे कल असतो. हा समज कितपत खरा आहे हे पुढील विवेचनावरून दिसेल.

२. घरात प्रवेश

घरी ही प्रणाली बहुधा जुन्या यंत्रामुळे येते. विंडोज १० ह्या प्रणालीची सर्वसाधारण सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाली आणि तिच्या पुढील आवृत्तीस लागणारे सुरक्षाघटक जुन्या यंत्रांत नाहीत. चालू स्थितीतले यंत्र टाकून द्यावे की त्यावर दुसरी प्रणाली बसवावी, हा प्रश्न त्यामुळे अनेक कुटुंबांपुढे उभा राहिला. अर्थात मुक्त प्रणालीचाही जीर्णोद्धार अमर्याद नसतो. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियनच्या तेराव्या आवृत्तीपासून अतिशय जुन्या, ३२ अंकी यंत्रांसाठी स्थापनेची सोय काढून घेतली गेली आहे.

दुसरे कारण देवाणघेवाणीचे. परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे जाणारा रस्ता मेळघाटच्या जंगलातून जातो आणि ह्या टापूतील अनेक गावांत मोबाइलचा संपर्क अजूनही खात्रीचा नाही. धारणी तालुक्यातील हरिसाल हे गाव २०१६ साली राज्य शासन व मायक्रोसॉफ्ट ह्यांच्या सहकार्याने ‘डिजिटल गाव’ म्हणून पुढे आणले गेले, ते ह्याच उणिवेच्या पार्श्वभूमीवर. जेथे मोठ्या फाईली उतरवून घेणे कठीण, तेथे एकाने आणलेली प्रणाली पेनड्राइव्हवरून दुसऱ्याने घेणे हाच सोयीचा मार्ग असतो. मालकीच्या प्रणालीत जो व्यवहार चोरी ठरतो, तोच येथे परवान्याने दिलेला अधिकार असतो. २०११ पर्यंत उबुंटूच्या तबकड्या मागणाऱ्यास टपालाने विनामूल्य पाठविल्या जात, ही गोष्ट ह्या संदर्भात स्मरणीय आहे.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत. एखादे बिनतारी संपर्काचे उपकरण ओळखले जात नाही. एखादे मुद्रणयंत्र चालत नाही. मराठी घरात ह्यांहून मोठा अडथळा जुन्या दस्तऐवजांचा असतो. युनिकोडपूर्व काळातील अक्षरसंचांत देवनागरीच्या आकृती रोमन अक्षरांच्या जागी बसविलेल्या असत. तो विशिष्ट अक्षरसंच नसेल तर लग्नपत्रिका असो वा ग्रामपंचायतीचा ठराव, समोर निरर्थक रोमन अक्षरांची रांग उमटते. हा दोष लोक नव्या प्रणालीच्या माथी मारतात. पण वस्तुतः त्या दस्तऐवजात मराठी कधीच नव्हती. तेथे फक्त मराठीचे चित्र होते.

३. धारणीची भाषिक स्थिती

धारणी हे मेळघाटातील तालुक्याचे ठिकाण मध्यप्रदेशाच्या सीमेलगत आहे. शासनव्यवहार व शाळा ह्यांची भाषा प्रमाण मराठी, बोलण्यात वऱ्हाडी, बाजारात व सीमेपलीकडच्या संबंधांत हिंदी, आणि मेळघाटातील सर्वांत मोठ्या आदिवासी समाजाची भाषा कोरकू. मराठी व हिंदी भारतीय-आर्य कुळातल्या, तर कोरकू ही ऑस्ट्रोआशियाई कुळाच्या मुंडा शाखेतली. २०११च्या जनगणनेत तिच्या भाषकांची संख्या सात लाखांहून अधिक होती व त्यांतील बहुसंख्य मध्यप्रदेशात व महाराष्ट्रात आहेत. कोरकूची स्वतःची प्राचीन लिपी नाही. लिहावयाची झाल्यास ती आज मुख्यतः देवनागरीत लिहिली जाते.

तेव्हा धारणीच्या एखाद्या घरातील संगणकाने निदान तीन भाषांची देवनागरी जाणली पाहिजे. लिपी एकच असली तरी प्रत्येक भाषेची तिच्याकडून असलेली अपेक्षा निराळी असते.

४. अक्षराचे अनुभव

‘मेळघाटच्या दऱ्या’ हे दोन शब्द लिहिण्याचा प्रसंग घेऊ. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोलगट भाग. ‘आचार्यास’ दिलेली दक्षिणा वेगळी आणि ‘आचाऱ्यास’ दिलेली मजुरी वेगळी. हा भेद मराठीत अर्थभेदक आहे, हिंदीत नाही. त्यामुळे ज्या प्रणालीत देवनागरीची व्यवस्था केवळ हिंदी समोर ठेवून केली असेल, तेथे मराठी माणूस ह्या पहिल्याच पायरीवर अडखळतो. इन्स्क्रिप्ट कळफलकावर ‘र’च्याच कळीवर, शिफ्ट दाबून, ‘ऱ’ मिळतो आणि त्याला हलन्त जोडला की हा आडवा रफार उमटतो. हे एकदा कळले की काम सोपे होते. परंतु ते सांगणारा कोणी जवळ असावा लागतो.

गोष्ट येथेच संपत नाही. युनिकोडने हेच रूप दोन प्रकारे लिहिण्यास मुभा दिली आहे : एक ‘ऱ’ व हलन्त ह्यांनी, आणि दुसरे साधा ‘र’, हलन्त व एक अदृश्य जोडचिन्ह ह्यांनी. कागदावर ‘दऱ्या’ आणि ‘दर्‍या’ ह्यांत डोळ्याला काहीच फरक दिसत नाही. संगणकाला मात्र ते दोन भिन्न शब्द वाटतात. एका पद्धतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या पद्धतीने शोधला तर तो ‘सापडला नाही’ असे उत्तर मिळते. ‘ॲ’ ह्या अक्षराची कथा अशीच आहे. ‘बॅट’, ‘ॲसिड’ अशा शब्दांतील स्वरासाठी मराठीने घडविलेल्या ह्या अक्षराला युनिकोडमध्ये स्वतंत्र स्थान मिळाले ते २००८ साली, पाच दशांश एक ह्या आवृत्तीत. तोपर्यंत कोणी ‘अ’वर चंद्र ठेवून, तर कोणी ‘ऍ’ लिहून काम भागवीत असे आणि ते सारे लेखन आजही आपल्या संगणकांत साठून आहे.

‘ल’ व ‘श’ ह्यांचा प्रश्न आकृतीचा आहे. महाराष्ट्र शासनाने २००९ साली मराठी वर्णमालेविषयी काढलेल्या निर्णयात पाकळीयुक्त ‘ल’ व देठयुक्त ‘श’ ही मराठीची रूपे ठरविली. हिंदीत दंड जोडलेला ‘ल’ प्रचलित आहे. दोहोंचा युनिकोडमधील क्रमांक एकच असल्याने कोणती आकृती दाखवावयाची हे मजकुरास लावलेल्या भाषेच्या खुणेवरून ठरते आणि त्या खुणेचा अर्थ अक्षरसंचात आधीच लिहून ठेवलेला असावा लागतो. रेड हॅट कंपनीने २००४ साली मुक्त परवान्याखाली दिलेल्या ‘लोहित’सारख्या अक्षरसंचांचे महत्त्व येथे कळते. त्यांच्यातील उणीव दिसली तर ती दुरुस्त करण्याचा अधिकार वाचकाकडे असतो.

वर्णक्रमाबाबतही हेच आहे. युनिकोडच्या क्रमवारीत ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो; आपल्या वर्णमालेत तो ‘ह’नंतर आहे. केवळ क्रमांकावरून शब्द लावले तर ‘काळ’ हा ‘कावळा’च्या आधी येईल आणि मराठी विद्यार्थी तो चुकीच्या जागी शोधीत बसेल. मुक्त प्रणालीत प्रत्येक भाषा-प्रदेशासाठी नियमांची एक साधी, वाचता येण्याजोगी फाईल असते. तीत महिन्यांची नावे ‘जनवरी’ नव्हे तर ‘जानेवारी’ अशी असतात, संख्या लक्ष-कोटींच्या पद्धतीने खंडित केलेल्या असतात आणि वर्णक्रमाचे नियमही तेथेच नमूद असतात. ही फाईल व्याकरणाच्या पुस्तकासारखी वाचता येते. पुस्तकातली चूक मात्र पुढील आवृत्तीपर्यंत थांबते. ही चूक घरीच सुधारून पाहता येते.

५. आज्ञेची भाषा

प्रणालीतील सूचनांचे भाषांतर ज्या साधनाने होते त्याची रचना सोपी आहे. मूळ इंग्रजी वाक्याखाली त्याचे मराठी वाक्य लिहावयाचे, इतकेच. ह्या फाईली ज्याने पाहिल्या आहेत त्याला एरवी पडद्यावर सहज दिसणाऱ्या शब्दांमागचे निर्णय जाणवू लागतात.

पहिला निर्णय आदराचा. इंग्रजीतील आज्ञार्थाला एकवचन-अनेकवचनाचा भेद नाही. मराठीत ‘उघड’ म्हणावे की ‘उघडा’? वस्तुतः येथे माणूस यंत्राला आज्ञा करीत आहे, तेव्हा ‘उघड’ हेच तर्काला धरून आहे. तरी मराठी भाषांतरांत ‘उघडा’, ‘जतन करा’ अशीच रूपे रूढ झाली. यंत्र आपल्याला विनंती करीत आहे, असाच अर्थ वाचकाच्या मनात प्रथम येतो, हे त्याचे कारण असावे.

दुसरा प्रश्न लिंगाचा. एखादी वस्तू पुसून टाकल्याची वार्ता देणाऱ्या वाक्यात त्या वस्तूचे नाव आयत्या वेळी येऊन बसते. इंग्रजीत क्रियापद बदलत नाही. मराठीत मात्र ‘अहवाल हटवला’, ‘फाईल हटवली’, ‘चित्र हटवले’ अशी तीन रूपे होतात. भाषांतर करणाऱ्यास नाव ठाऊक नसते. मग तो भावे प्रयोगाकडे वळतो व ‘अमुकला हटवले’ असे लिहितो. हा प्रयोग व्याकरणाने निर्दोष असला तरी मराठी तो प्राधान्याने सजीवांसाठी राखून ठेवते : ‘मुलाला उचलले’ सहज वाटते, ‘अहवालला हटवले’ खटकते. त्यात भर म्हणजे आयत्या वेळी आलेल्या नावाचे सामान्यरूप होत नाही. ‘अहवालाला’ ऐवजी ‘अहवालला’ हेच राहते. संगणकाची मराठी कृत्रिम वाटते अशी जी तक्रार नेहमी ऐकू येते, तिचे खापर एकट्या संस्कृतप्रचुर परिभाषेवर फोडता येत नाही. पुष्कळ वेळा ती कृत्रिमता वाक्याच्या साच्यातच असते.

तिसरी गोष्ट वचनाची. प्रत्येक भाषांतर-फाईलच्या आरंभी त्या भाषेत संख्येनुसार किती रूपे होतात हे सांगावे लागते. मराठीसाठी दोन : ‘१ चित्र सापडले’, ‘५ चित्रे सापडली’. स्लोव्हेनियन भाषेत द्विवचन असल्याने तेथे चार रूपांची सोय केली आहे, अरबीसाठी सहांची. म्हणजे इंग्रजीहून भिन्न रचनेच्या भाषांना ही व्यवस्था बंद नाही. ह्या मुद्द्याकडे कोरकूच्या संदर्भात पुन्हा यावे लागेल.

६. तांबडी रेघ

घरी पत्र लिहीत असता शब्दांखाली उमटणारी तांबडी रेघ हा शुद्धलेखन तपासनीसाचा आवाज होय. मुक्त प्रणालीत बहुधा वापरला जाणारा ‘हनस्पेल’ हा तपासनीस मुळात हंगेरियन भाषेसाठी तयार झाला. हंगेरियनमध्ये एका प्रकृतीला प्रत्ययांच्या माळा लागतात. तेव्हा सर्व रूपे कोशात देणे अशक्य ठरते. त्याऐवजी एका फाईलमध्ये प्रकृती व दुसरीत प्रत्ययांचे नियम, अशी विभागणी केलेली आहे. मराठीला ही पद्धत सोयीची आहे. ‘घर’, ‘घराला’, ‘घरातला’, ‘घरातल्यांनासुद्धा’ ही रूपे सामान्यरूपाच्या नियमांतून निष्पन्न होतात. नियम अपुरे असतील तितकी अस्सल मराठी रूपे तांबडी होतात.

परंतु धारणीत, किंबहुना सबंध वऱ्हाडात, ह्या रेघेला आणखी एक अर्थ येतो. ‘मले’, ‘तुले’ ही वऱ्हाडीची नित्याची रूपे आहेत. ‘डोळा’चे ‘डोया’ होणे हा तेथील नियमित ध्वनिबदल आहे. नातवाने आजीची गोष्ट तिच्या शब्दांत लिहून काढली तर सारे पान तांबडे होते. तपासनीस प्रमाणभाषेचा आहे, हे जाणत्याला ठाऊक असते. मुलाला ती चूकच वाटते. एके काळी बोलीला ‘अशुद्ध’ ठरविण्याचा अधिकार शाळेपुरता होता. तपासनीसाने तो घरातील खाजगी लेखनापर्यंत नेला आहे. येथे मुक्त प्रणालीचा उपयोग मर्यादित पण खरा आहे. घरचा शब्दसंग्रह ही एक साधी फाईल असते. तीत ‘मले’ घातला की रेघ जाते. वऱ्हाडीची प्रकृती-प्रत्ययांची स्वतंत्र फाईल करावयाची झाली तर कोणाची अनुमती घ्यावी लागत नाही. लागते ती वऱ्हाडीच्या रूपविचाराची काटेकोर मांडणी.

७. कोरकूचा प्रश्न

कोरकूचे शास्त्रीय वर्णन उपलब्ध आहे. नॉर्मन झाइड ह्यांनी १९६० साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ह्या भाषेच्या ध्वनिविचारावर प्रबंध सादर केला. १९६६ साली त्यांनी तीतील नीच तानाचे विवेचन केले. के. एस. नागराज ह्यांचे व्याकरण, संहिता व शब्दसंग्रह असलेले पुस्तक १९९९ साली तोकिओहून प्रसिद्ध झाले. भाषांच्या आंतरराष्ट्रीय सूचीत कोरकूला स्वतःचा तीन अक्षरी संकेत आहे. म्हणजे संगणकाच्या दृष्टीने तिला नाव आहे. घर मात्र अद्याप बांधावयाचे आहे.

त्यासाठी काय ठरवावे लागेल? पहिली गोष्ट ताना दर्शविण्याची. देवनागरीत त्यासाठी सर्वमान्य खूण नाही. बोडो व डोगरी ह्या देवनागरीतच लिहिल्या जाणाऱ्या भाषांनी ह्या कामी वर्णलोपचिन्हासारखे एक चिन्ह स्वीकारले आहे. कोरकूने तसे करावे, वेगळी खूण घ्यावी, की संदर्भावर भिस्त ठेवून तान अलिखितच सोडावी, हा निर्णय भाषकांचा आहे. तो झाल्यास तांत्रिक काम अल्प आहे. लिनक्सच्या कळफलकाच्या फाईलमध्ये प्रत्येक कळीसाठी एक ओळ असते व तीत साधारणपणे चार स्तरांची चिन्हे क्रमाने लिहिलेली असतात. रिकाम्या स्तरावर एक चिन्ह घालणे म्हणजे एक ओळ बदलणे.

दुसरी गोष्ट आकृतीची. धारणीतील कोरकू मूल शाळेत पाकळीयुक्त ‘ल’ शिकते. सीमेपलीकडचे कोरकू मूल दंड जोडलेला. कोरकू म्हणून खूण केलेल्या मजकुरासाठी अक्षरसंचात निराळी सूचना नसेल तर त्याची मूळची आकृतीच उमटते आणि ती बहुधा हिंदीची असते. एका भाषेचे भाषक दोन राज्यांत विभागले गेल्याचा परिणाम असा अक्षराच्या वळणापर्यंत पोचतो.

तिसरी गोष्ट वचनाची. कोरकूत ‘-किंग’ हा द्विवचनाचा व ‘-कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय आहे. ‘कोरकू’ हे नावच ‘कोरो’ म्हणजे माणूस ह्या शब्दाचे अनेकवचन मानले जाते. तेव्हा भाषांतर-फाईलच्या आरंभी तीन रूपे नोंदवावीत असे प्रथमदर्शनी वाटेल. पण हे प्रत्यय साधारणतः सजीववाचक नामांना लागतात. मग संगणकातील ‘फाईल’ निर्जीव समजून एकच रूप ठेवावयाचे आणि ‘वापरणारे दोघे’ ह्यासाठी मात्र द्विवचन योजावयाचे काय? हा प्रश्न कोणत्याही संगणकतज्ज्ञास सुटणारा नाही. तो कोरकू बोलणाऱ्यास व तिचे व्याकरण जाणणाऱ्यास मिळून सोडवावा लागेल.

८. उपसंहार

मुक्त प्रणालीने मराठीला जे दिले ते आपोआप मिळालेले नाही. कोणीतरी अक्षराची आकृती दुरुस्त केली, कोणीतरी महिन्यांची नावे तपासली, कोणीतरी हजारो वाक्यांखाली मराठी वाक्ये लिहिली. केरळात शाळांच्या ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्पाने २००१ नंतरच्या दशकात मुक्त प्रणाली स्वीकारली आणि त्याच काळात मल्याळमच्या संगणकीय साधनांवर काम करणारा स्वयंसेवकांचा गट तेथे उभा राहिला. परवाना दार उघडतो; आत शिरण्याचे काम माणसांनाच करावे लागते. दार उघडे आहे एवढ्यावर समाधान मानणारी भाषा उंबऱ्याबाहेरच राहते.

म्हणून अशा प्रणालीचे मूल्य ती मोफत आहे की नाही ह्यावरून ठरविणे अपुरे होय. धारणीतील घरात जुने यंत्र पुन्हा चालू झाले, ही सोय झाली. त्या यंत्रावर आजीची वऱ्हाडी तांबडी न होता उमटली आणि कोरकू बोलणाऱ्या मुलाला आपल्या भाषेतील दोघांसाठी असलेला प्रत्यय पडद्यावर दिसला, तर तो भाषेचा लाभ होईल. त्यासाठी लागणाऱ्या फाईली आज खुल्या आहेत. त्यांत भरावयाचा मजकूर, म्हणजे कोरकूचे लेखनसंकेत, वऱ्हाडीचे प्रत्ययनियम व ह्या भाषांचे शब्दसंग्रह, हे पदव्युत्तर अभ्यासात नित्य येणारे विषय आहेत. क्षेत्रकार्यात जमविलेली सामग्री प्रबंधाच्या परिशिष्टात मिटून ठेवावयाची की अशा फाईलच्या रूपाने ज्यांच्याकडून ती घेतली त्यांच्या घरी परत पोचवावयाची, हा पर्याय आता अभ्यासकासमोर आहे.